घोळीच्या दोन रेघा

रेड्यानं टिचकीला पहिल्यांदा हाणलं ते एका फावड्यावरून. फावडं कोणाचं, एवढाच वाद. रेड्यानं तेच फावडं उलटं धरलं आणि दांडा टिचकीच्या बरगडीत खुपसला. टिचकी पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तोंड उघडत-मिटत गवतावर पडला आणि श्वास परत आला तसा म्हणाला, "तुझंच आहे फावडं, साडूभाऊ. आत्ता आठवलं मला."

कामगार फिदीफिदी हसले. रेडा हसला नाही. हसण्याशी त्याचं उभं वैर. कोणी हसलं की तो आधी स्वतःच्या पँटची चेन बघायचा आणि मग हसणाऱ्याचं थोबाड.

हे दोघं एकाच म्हाताऱ्याचे जावई. म्हाताऱ्याचा धंदा लॉनचा. बंगल्यांना, हॉटेलांना, खेळाच्या मैदानांना जे आयतं गवत लागतं ना, ते तो आपल्या आवारात वाढवायचा, मातीसकट पट्टे कापायचा, सतरंजीसारखे गुंडाळायचा आणि ट्रकमध्ये चढवून द्यायचा. आवाराचे दोन भाग. पाण्याच्या टाकीपासून शेडपर्यंतचा रेड्याचा, फाटकाकडचा टिचकीचा. रेड्याला थोरली दिलेली, टिचकीला धाकटी. थोरल्या जावयावर म्हातारा बेहद्द खूश. कारण रेड्याचं गवत म्हणजे गवत! झोपावंसं वाटेल असं. औषधाला तण सापडायचं नाही.

"ज्याच्या गवतात तण नाही, त्याच्या मनात मळ नाही," असं म्हातारा चारचौघांत म्हणायचा आणि टिचकीकडे बघून पुढं जोडायचा, "काहींच्या मनात पीकच तणाचं."

टिचकीचं वय पन्नाशीला टेकलं होतं, पोट पट्ट्यावर आलं होतं, पण खोड काही गेली नव्हती. बरगडी दुखत होती तोवर त्यानं एकच उद्योग केला. आवारामागच्या पडीक जागेत घोळ नावाची रानभाजी माजली होती. लालचुटूक देठांची, जाड पानांची, जमिनीसरशी पसरणारी. तिच्या बोंडातलं काळं बारीक बी त्यानं झटकून डबाभर गोळा केलं. मोहरीसुद्धा त्यापुढं हत्ती वाटावी इतकं बारीक. रेड्यानं नवं गवत लावलं आणि वरून पसरायला वाळूचा ढीग आणला, तेव्हा टिचकीनं डबा त्या ढिगात उपडा केला आणि फावड्यानं छान कालवला. त्याच फावड्यानं, बरं का.

मग तो वाट बघत बसला. रेड्याच्या हिरव्या गादीवर लाल पुरळ कधी उठतंय, म्हातारा कधी किंचाळतोय.

काही म्हणजे काही उगवलं नाही. रेड्याचं गवत दाट झालं, एकमेकांत विणलं गेलं आणि टिचकीची खोडी खाली गाडली गेली.

"तुमचं बीही तुमच्यासारखंच," धाकटी म्हणाली. "लोळत पडलेलं."

टिचकीला हे झोंबलं. उरलेलं चिमूटभर बी त्यानं दोन बशांत ओल्या फडक्यावर टाकलं. एक बशी खिडकीत, एक कपाटात. खिडकीतलं चौथ्या दिवशी टरारलं. कपाटातलं ढिम्म. मग कपाटातली बशी खिडकीत ठेवली, तर तेही उठलं. तेव्हा टिचकीच्या टाळक्यात उजेड पडला. एवढ्याशा बियाची शिदोरी ती केवढी! नखभर खोलीतून वर यायचं तर वाटेतच खलास. म्हणून ते आधी कानोसा घेतं. उजेड आहे का? ऊन तापतं का, रात्री निवतं का? ओल टिकते का? डोक्यावर आधीच कोणी पाय पसरून बसलंय का? गवताच्या पानांतून गाळून आलेला हिरवा उजेड त्याला सांगतो, जागा भरलीय, झोप. आणि ते झोपतं. मरत नाही, झोपतं.

"मेलं नाही ते," टिचकी बायकोला म्हणाला. "दबा धरून बसलंय."

"बसू दे. तुम्हीही बसा. पुन्हा मार खाल."

पण गप्प बसेल तो टिचकी कसला. बी उठेना म्हणून त्यानं दुसरी खोडी केली. रेड्याच्या पाण्याच्या फवाऱ्याचं तोंड त्यानं असं वाकवलं, की चालू करणाऱ्याच्या बरोबर पँटवर धार बसावी. ट्रक भरायची वेळ, सगळं आवार माणसांनी भरलेलं. रेड्यानं नळ सोडला आणि पुढून ओलाचिंब होऊन उभा राहिला, शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरासारखा. ट्रकवाला हसून हसून चाकाला टेकला. म्हातारासुद्धा खोकल्याचं नाटक करत वळला. थोरली चहाचा ट्रे घेऊन येत होती. तिनं तोंडावर पदर धरला, पण खांदे हलायचे ते हललेच. ट्रेमधले कप किणकिणले.

रेड्यानं कोणाकडेच बघितलं नाही. फक्त त्या कपांकडे बघितलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी टिचकी आणि धाकटी बाहेर गेलेले, म्हातारा घरात झोपलेला, कामगार आपापल्या घरी. संध्याकाळी फोन आला. ताई शेडमध्ये शिडीवरून पडली. जबडा दोन ठिकाणी मोडला, डोक्याला टाके, एक बरगडी आत घुसलेली.

दवाखान्यात ती खाटेवर होती. तोंड सुजून दुप्पट झालेलं, वरचे-खालचे दात तारेनं एकमेकांना बांधलेले. एक डोळा जांभळा, मिटलेला. रेडा शेजारी स्टुलावर. त्याचा पंजा तिच्या मनगटावर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काय जीव आहे नवऱ्याचा!

"शेडमध्येच पडली," रेडा म्हणाला. "पत्र्यावरचा पाइप काढायला चढली. मी आवाज ऐकला, दोन्ही हातांवर उचलली ती थेट गाडीत. गवतावर पायसुद्धा टेकू दिला नाही तिचा."

म्हातारा लेकीवर वाकला. "शिडीवरून पडलीस, बाळा?"

थोरलीचा उघडा डोळा बापाकडं गेला, मग मनगटावरच्या पंजाकडं. पंजाची बोटं जराशी आवळली. तिनं मान हलवली. हो.

बाहेर आल्यावर धाकटी बापावर तुटून पडली. "बाबा, डोळे आहेत की बटणं? शिडीवरून पडलेल्या बाईच्या गळ्यावर बोटं उमटतात?"

"ती स्वतः मान हलवते."

"तो हात धरून बसलाय तिचा!"

"हात धरणं हा गुन्हा झाला का?" म्हातारा ओरडला. "असा आरोप करायचा तर मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. उद्या खोटं निघालं तर तिचा संसार मोडल्याचं पाप कोणाच्या माथी?"

"पुढच्या सोमवारी तिला घरी सोडणारेत," धाकटी टिचकीला म्हणाली. "त्याच्या घरी. या खेपेला जबडा. पुढच्या खेपेला आपण सरणच रचायचं."

टिचकीला विनोद सुचला नाही. लग्न झाल्यापासून अशी वेळ पहिल्यांदाच आलेली.

आता रेड्याचं बघा. दुसरा एखादा असता तर त्या दुपारी कुस्करलेलं गवत तसंच सोडून बसला असता. चार दिवसांत गवत आपोआप भरून आलं असतं आणि कुत्रं विचारायला आलं नसतं. पण रेड्याला आपल्या गवतावर ओरखडा खपत नव्हता. दवाखान्यात जायच्या आधी, बायको गाडीत मागच्या सीटवर रक्त गिळत पडलेली असताना, हा बाबा अर्धा तास गवत दुरुस्त करत होता! हे पुढं पोलिसांनी त्याच्याच तोंडून काढलं. उखडलेली माती सारखी केली, खाचा भरल्या, फाटलेले तुकडे बारीक कापून काढले. आणि कामगाराला निरोप ठेवला, "टाकीपासून शेडपर्यंत रोज दोनदा पाणी मारायचं. पण गवतावर पाय ठेवायचा नाही कोणी."

एवढं करून तो बायकोचं मनगट धरायला गेला आणि तिथंच अडकला. सोडलं तर ती बोलेल! त्यामुळं आयुष्यात पहिल्यांदा रेड्याचं गवत रेड्याविना राहिलं.

उलटलेल्या मातीतलं बी वर आलं होतं. डोक्यावरचं गवत फाटलं होतं. दुपारी माती तापत होती, रात्री निवत होती. वर सकाळ-संध्याकाळ पाणी. बियाला आणखी काय पाहिजे? निमंत्रणपत्रिका?

शनिवारी टिचकी पाण्याच्या टाकीवर चढला होता. गळणारी तोटी बघायला. सहज खाली नजर गेली आणि हातातला पाना खाली पडला.

हिरव्यागार गवतात टाकीजवळ एक लाल वर्तुळ होतं. गाडीच्या चाकाएवढं, वेडंवाकडं. आणि त्या वर्तुळातून निघून शेडच्या दारापर्यंत गेलेल्या दोन बारीक लाल रेघा. शेजारीशेजारी, नागमोडी. मधेच एक रेघ तुटलेली, मग पुन्हा सुरू.

त्याची घोळ उठली होती. पण त्यानं पेरलं होतं सगळीकडं, आणि उगवली होती तेवढीच.

टिचकी शिडी उतरला. तो रेघांच्या कडेनं रांगत गेला. दोन रेघांमधलं अंतर त्यानं स्वतःच्या पायांनी मापून बघितलं. उताणा झोपला, टाचा मातीत रोवल्या. बरोबर बसल्या. मग तिथंच गवतावर त्यानं दुपारचा डबा ओकला.

म्हाताऱ्याला त्यानं हाताला धरून टाकीवर चढवलं.  म्हाताऱ्यानं दोन्ही रेघा टाकीपासून शेडपर्यंत नजरेनं मोजल्या.

"बी तुझं," तो म्हणाला.

"मामा, ते..."

"गप. ते मला तू सांगायची गरज नाही. माझ्या आवारात घोळ आणणारं डोकं एकच आहे." म्हाताऱ्यानं खाली बोट दाखवलं. "बी तुझं. पण माती कोणी उलटी केली?"

"रोलर ओढला असेल म्हणेल तो."

"रोलर माती दाबतो. उलटी करत नाही. आणि रोलर असा लडबडत जात नाही." म्हाताऱ्यानं बोटानं रेघ हवेत गिरवली. "इथं एक पाय उचलला गेला. शुद्धीवर आली असेल. इथं पुन्हा सोडला."

खाली उतरून म्हातारा लाल वर्तुळात गुडघ्यांवर बसला आणि एकेक रोप बोटांनी बाजूला सारत माती चाचपू लागला, जसं तांदळातले खडे बघावेत. एका रोपाच्या मुळाशी पांढरं काहीतरी होतं. त्यानं ते उचललं, शर्टाला पुसलं. दाढ होती. मुळासकट. घोळीच्या सगळ्या गर्दीत न उगवलेली तेवढीच एक.

म्हातारा रडला नाही. त्यानं दाढ मुठीत धरली आणि म्हणाला, "तण उपटायचं नाही. काडी हलवायची नाही. त्याला सोमवारी इथंच भेटू."

"मामा, पोलिसांना आत्ताच बोलावू."

"बोलवायचेच आहेत. पण आधी मला त्याच्या तोंडून ऐकायचंय. मी दिलीय त्याला मुलगी."

म्हाताऱ्यांचे हट्ट! या हट्टापायी दोघांची हाडं मोडायची होती आणि एकाचा सांधा निखळायचा होता.

सोमवारी सकाळी धाकटी दवाखान्यात बहिणीजवळ जाऊन बसली आणि तिला न्यायच्या आधी आवारात ये, असा म्हाताऱ्याचा निरोप आला म्हणून रेडा गाडी घेऊन तिथं आला. अंगात धुतलेला शर्ट, केसांना पाणी. गवतावर सासरा उभा दिसला तसा तो तिकडं वळला आणि दहा पावलांवर थबकला. त्याला रेघा दिसल्या.

"हे काय?" त्याची पहिली तिडीक गवतासाठीच होती, शपथेवर सांगतो. "माझ्या लॉनमध्ये घोळ? ए टिचकी! तुझी आतडी काढून फवाऱ्याला बांधीन!"

"आतडी नंतर," म्हातारा म्हणाला. "ही रेघ कशाची?"

"कसली रेघ? तण आहे."

"तण तर आख्ख्या लॉनमध्ये पेरलंय. उगवलं इथंच का?" म्हाताऱ्यानं मूठ उघडली. "आणि माझी लेक शेडमधल्या शिडीवरून पडली, तर दाढ टाकीपाशी कशी आली? चालत?"

रेड्यानं दाढेकडं बघितलं. मग टिचकीकडं. आणि का कोण जाणे, टिचकीच्या तोंडाचा एक कोपरा उडाला. भीतीनं उडाला असेल, सवयीनं उडाला असेल. पण रेड्याला तो हसू वाटला.

"हसतोस?" रेड्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. "तीही हसत होती! माझ्या पँटकडं बघून, अख्ख्या गावासमोर! विचारलं तर म्हणते, हसले नाही. मग बघू म्हटलं दात! दाखव म्हटलं कुठल्या दातांनी हसलीस!"

 टाकीची तोटी टपटपत होती. फवारा टिचकीनं वाकवला होता. 

म्हातारा पुढं झाला आणि जावयाच्या कानाखाली अशी वाजवली, की त्याच्या स्वतःच्याच खांद्याचा सांधा निखळला. रेड्यानं त्याला एका हातानं उचलला आणि गोणीसारखा फेकला. म्हातारा रोलरवर आपटला. कान फाटला, रक्ताची धार पांढऱ्या कल्ल्यांतून खाली आली.

मग रेड्यानं लॉन कापायचं हत्यार उचललं. लांब दांड्याचं, खाली अर्धगोल धारदार पातं. टिचकीनं डावा हात वर केला. पातं मनगटाच्या वर बसलं आणि कट असा आवाज झाला. हात भलत्याच जागी वाकला. टिचकी किंचाळला, पण पळाला नाही, कारण मागं टाकी होती. उजव्या हातानं त्यानं टाकीशी उरलेली मूठभर वाळू उचलली आणि रेड्याच्या डोळ्यांत भरली. रेड्यानं आंधळ्यासारखं हत्यार फिरवलं. एक वार गवतात, एक टिचकीच्या खांद्याला चाटून. टिचकी खाली पडला आणि त्यानं दिसेल ते धरलं. रेड्याची पोटरी. त्यानं पँटसकट दात रोवले आणि सोडले नाहीत. रेडा दुसऱ्या पायानं त्याच्या तोंडावर लाथा घालत होता. नाक फुटलं. ओठ फाटला. तोंडात रक्त, कापड आणि रेड्याचं मांस. टिचकीला एवढंच कळत होतं, की हा पाय सोडला तर हा माणूस गाडीत बसणार आणि ताईला आणायला जाणार.

"धरून ठेव!" म्हातारा ओरडला.

दोघं लोळत उताराला आले होते. वर पाण्यानं भरलेला लोखंडी रोलर उभा होता आणि त्याच्या पुढ्यात अडवण म्हणून एक वीट. म्हाताऱ्याचा एक हात लोंबत होता. त्यानं लाथेनं वीट उडवली.

रोलरला कधी घाई नसते. तो आधी विचार केल्यासारखा हलला, मग निघाला. टिचकीला घरघर ऐकू आली, त्यानं दात सोडले आणि अंग बाजूला लोटलं. रेडा डोळे चोळत उठायच्या बेतात, एक गुडघा टेकलेला, एक पाय मागं पसरलेला. रोलर त्या पायावरून गेला. आधी घोटा, मग नडगी. सावकाश, नीट, एकसारखा दाब देत, जसा रेड्यालाच आवडायचा. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज आणि त्याच्यावर रेड्याची किंकाळी. मघाशीच फाटकावर आलेला ट्रकवाला ती ऐकून पायऱ्या विसरला आणि केबिनमधून सरळ खाली पडला.

"फोन लाव," म्हातारा त्याला म्हणाला. "पोलिसांना आणि ॲम्ब्युलन्सला."

"आधी कोणाला?"

म्हाताऱ्यानं कानावरचं रक्त पुसलं. "पोलिसांना. पायाला काय घाई आहे?"

मग तो गवतात ओणवा झाला. दाढ पडली होती कुठंतरी, ती शोधत.

पोलिसांनी रेघांचे फोटो काढले, टाकीवर चढून काढले, माप घेतलं. रेड्याचं ओरडलेलं ट्रकवाल्यानंही फाटकातून ऐकलं होतं आणि तो ते चवीनं, हातवारे करून, कोणी न विचारता सांगत होता. थोरलीला मनगटावर पंजा नाही हे पटायलाच दोन दिवस लागले. पटल्यावर तिनं तारेच्या आतूनच, दातांच्या फटीतून एकेक शब्द ढकलत सगळं सांगितलं. रेडा आधी दुसऱ्या दवाखान्यात गेला आणि तिथून कोठडीत, कुबड्या घेऊन. म्हातारा एकदाच तिथं गेला, त्याच्याकडं बघून आला आणि त्यानंतर गवतावरून माणूस ओळखायचं बोलणं कायमचं बंद झालं.

थोरली बापाच्या घरी आली. काही दिवसांनी ती स्वतःहून आवारात आली. धाकटीनं टाकीजवळ खुर्ची मांडली. टिचकी बाजूला उभा, हात गळ्यात, नाक वाकडं, नजर जमिनीत. फवाऱ्याचं त्याला बोलायचं होतं आणि जमत नव्हतं.

रेड्याच्या लॉनवर आता नवीन लाली उठली होती. मारामारीनं जिथं जिथं माती उलटली, तिथं तिथं घोळ. थोरलीनं बोट दाखवलं. एक मोठा ऐसपैस लाल डाग होता.

"हा?" दातांमागून आवाज आला.

"हा तो," टिचकी म्हणाला. "इथं लोळला."

"आणि हा पट्टा? मोकळा?"

"तिथून रोलर गेला. रोलरखाली काही उगवत नाही. मामांना विचार."

तिचं बोट सरकलं आणि मोठ्या डागाच्या पायथ्याशी चिकटलेल्या एका लहानशा, गोल, पोट सुटलेल्या डागावर थांबलं.

"आणि हे?"

टिचकीनं घसा खाकरला. "हा मी."

थोरलीनं डागाकडं बघितलं. मग टिचकीच्या पोटाकडं. मग पुन्हा डागाकडं. तिचे खांदे हलायला लागले. तिनं जबडा दोन्ही तळव्यांत गच्च धरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी, तारेच्या आतून शिट्टीसारखा काहीतरी आवाज.

"अगं हसू नको, तार तुटेल!" धाकटी घाबरून ओरडली. "अहो, तुम्ही सरका तिथून!"

टिचकी सरकला नाही. थोरलीनं नाही म्हणून मान हलवली. दुखत होतं, फार दुखत होतं, तरी ती थांबली नाही. आणि या खेपेला तिनं तोंडावर पदर धरला नव्हता.